एक पाट आणि तीन मशिनं

इंदिरानगरात शंभर फुटी रस्त्याच्या आतल्या गल्लीत एक इमारत आहे. खाली डोशाचं हॉटेल आणि वर साखर कारखान्यांचे हिशेब संगणकावर चढवून देणारी एक कंपनी. काट्यावर ऊस किती आला, कुणाच्या नावावर गेला, हे सगळं या कंपनीच्या प्रोग्रॅममधून कळतं. कारखाने बहुतेक कोल्हापूर, सांगली, बेळगावकडचे, त्यामुळं कंपनीत मराठी माणसांचा भरणा. खाली रस्त्यावर सगळा कन्नडचा बाजार भरलेला आणि जिना चढून वर गेलं की ‘अरे, चहा आला का नाही?’ असा कारभार.

तर या कंपनीत कुणाचं काही अडलं की एकच हाक उठायची. ‘‘कृष्णातदादाऽ!’’

हाक आली की कृष्णात आधी डोळे मिटायचा, दोन्ही हातांनी मान दाबायचा आणि मग उठायचा. उठायचा मात्र हमखास. माणूस मूळचा निपाणीचा. आयटीआय करून बेंगळुरूला आला तेव्हा मिसरूड नुकतं फुटलेलं, आता कानापाशी केस पांढरे झालेले. चामराजपेटेत भाड्याची दोन खोल्यांची जागा, बायको शिवलीला, दोन मुलं. कंपनीतली सगळी मशिनं सांभाळायचं काम त्याच्याकडं. बंद पडलेलं चालू करायचं, चालू असलेलं बंद पडू द्यायचं नाही. आता या कामानं कुणी एवढं दमत नाही. कृष्णात दमला होता तो मशिनांच्या धन्यांमुळं.

ते कसं, ते नीट सांगायला हवं. प्रत्येक संगणकाच्या पोटात एक कारभारी बसलेला असतो. मशीन उघडायचं, कामं वाटून द्यायची, कागद कुठं ठेवायचा, सगळं तोच बघतो. हे कारभारी मुख्यतः तीन तऱ्हेचे, विंडोज, मॅक आणि लिनक्स. तिघंही आपापलं काम बरं करतात. पण ज्याला ज्याची सवय झाली, तो त्याच्यासाठी भांडायला तयार. कृष्णातनं मनातल्या मनात या लोकांची नावं पाडली होती. विंडोजवर बसणारे खिडकीवाले, मॅकवर बसणारे सफरचंदवाले आणि लिनक्सचं चित्र पेंग्विनचं, म्हणून ते पेंग्विनवाले.

खिडकीवाल्यांची पुढारी होती आसावरी. मुंबईची, हिशेब खात्यातली, बोलायला तिखट. सफरचंदवाल्यांचा पुढारी पुण्याचा मकरंद, प्रोग्रॅम पडद्यावर कसा दिसावा ते ठरवणारा. त्याच्या टेबलावर एक वायर वाकडी दिसायची नाही. आणि पेंग्विनवाल्यांचा निहार. नागपूरचा, दाढी वाढवलेला. कारभारी विकत घेणं हे त्याला पाणी विकत घेण्यासारखं वाटायचं.

नवीन माणूस कंपनीत आला की त्याचं गाव कोणतं, शिकला कुठं, हे नंतर. आधी तिघं जण त्याच्याभोवती मुलगी बघायला आल्यासारखे बसायचे. ‘‘तुझं काय? कुठलं वापरतोस?’’ त्यानं उत्तर दिलं की दोघांचे चेहरे पडायचे आणि एक जण उठून त्याला चहा पाजायला न्यायचा.

एकदा निहारनं नागपूरहून संत्रा बर्फी आणली. सगळ्यांना वाटत वाटत मकरंदपाशी आला आणि डबा मागं घेतला.

‘‘तुले चालते का बे? ही फुकट आहे. तुमच्याकडे विकत घेतल्याशिवाय गोड लागत नाही म्हणते.’’

मकरंद म्हणाला, ‘‘तुझी बर्फी खायची म्हणजे आधी संत्रं मी सोलायचं, साखर मी मोजायची, चूल मी पेटवायची. मला तयार लागते बाबा.’’

‘‘आणि तयार आली तरी तुझ्या डब्यात मावणार नाही,’’ आसावरी लांबून म्हणाली. ‘‘त्याला वेगळं झाकण विकत घ्यावं लागेल, तुझ्या वायरींच्या जोडासारखं.’’

‘‘तू खा, आसावरी,’’ मकरंद म्हणाला. ‘‘फक्त अर्धा तुकडा तोंडात असताना अपडेट सुरू होईल, तेव्हा तसंच तोंड उघडं ठेवून बस.’’

झालं. मग तिघंही खुर्च्या वळवून कृष्णातकडं. ‘‘दादा, तुम्हीच सांगा आता!’’

कृष्णातनं बर्फी तोंडात टाकली. ‘‘बर्फी चांगली आहे,’’ म्हणाला.

हे ‘बर्फी चांगली आहे’ तो निपाणीत शिकला होता. त्याच्या वडिलांचं, दामूअण्णांचं, बस स्टँडजवळ सायकलींचं दुकान. पंक्चर काढायचं, चाकाचा आऊट काढायचा, भाड्यानं सायकली द्यायच्या. त्या काळी निपाणीत दोन कंपन्यांच्या सायकली चालायच्या, एक हिरव्या रंगाची आणि एक काळ्या. शाळेतले एक मास्तर हिरवीवाले आणि तंबाखूच्या वखारीतले एक दिवाणजी काळीवाले. दोघं दुकानातल्या एकाच बाकड्यावर बसायचे, पण मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. मास्तरांची चेन उतरली की दिवाणजी मिशीत हसायचे. दिवाणजींचा ब्रेक लागला नाही आणि ते थेट भाजीवालीच्या पाटीत गेले, त्या दिवशी मास्तरांनी म्हणे वर्गाला अर्धी सुट्टी दिली. दोघं दामूअण्णांना विचारायचे, तुमच्या हाताखालून एवढ्या सायकली जातात, खरं सांगा, चांगली कुठली? दामूअण्णा तोंडातली तंबाखू या गालातून त्या गालात घ्यायचे आणि म्हणायचे, ‘‘हवा भरून देऊ का?’’

दोघांनाही कायम वाटत आलं, दामूअण्णा आपल्याच बाजूचा. कृष्णातच्या कंपनीतही तसंच झालं होतं. तिन्ही टोळ्यांना वाटायचं, दादा मनातून आपला. त्यामुळं तिन्हीकडची गाऱ्हाणी त्याच्याच कानात. संध्याकाळी मेट्रोतून चामराजपेटेला जाताना त्याच्या डोक्यात मधमाश्यांचं पोळं घोंगावत असायचं. घरात त्यानं संगणक ठेवला नव्हता. मुलं मागं लागायची. शिवलीला म्हणायची, ‘‘सगळ्या गावाचं दुरुस्त करता, आपल्या घरी एक आणा की.’’ तो म्हणायचा, ‘‘नको.’’ एवढंच.

आता गोष्ट या दसऱ्याची.

नवरात्राच्या आधी थोरल्या भावाचा, बसवंतचा फोन आला. वडील गेल्यापासून दुकान तोच बघत होता.

‘‘कृष्णा, येणार नव्हं औंदा?’’

‘‘बघतो की.’’

‘‘बघतो नको. दरसाल बघतोसच. ऐक, दुकान बंद करायलोय. दसरा झाला की शटर खाली. गुडघं चालत न्हाईत आता, आणि सायकल कोण आणतंय रिपेरीला? खंडेनवमीची शेवटची पूजा हाय. अण्णांचं पान्हं, पंप, स्टँड सगळं मांडणार. नारळ तू फोडायचास.’’

‘‘येतो,’’ म्हणाला.

‘‘खरं?’’

‘‘येतो म्हटलं की.’’

हे ‘येतो’ बसवंतनं बऱ्याच वर्षांत बऱ्याचदा ऐकलं होतं. ‘‘बरं,’’ म्हणाला आणि फोन ठेवला. त्या ‘बरं’नं कृष्णातला शिवी दिल्यापेक्षा जास्त लागलं.

का जाता येत नव्हतं, तेही ऐका. बेंगळुरूत आयुधपूजेचं मोठं प्रस्थ. आपल्याकडची खंडेनवमी तीच. रिक्षा, बस, लेथ मशीन, इस्त्री, जे काही पोट भरतं त्याला हळद-कुंकू, झेंडूच्या माळा, दाराला केळीचे खुंट, उंबऱ्यात कोहळा फोडायचा आणि चुरमुरे-डाळं वाटायचं. ऑफिसंही सुटत नाहीत. नवमीला सुट्टी असते, म्हणून ऑफिसात पूजा आदल्या दिवशी, अष्टमीला. या कंपनीत सगळ्या मशिनांच्या वतीनं एक मशीन देवीपुढं पाटावर मांडायची पद्धत पडली होती. आणि पद्धत पडली म्हणजे पाटावर कोणाचं मशीन, हे भांडणही आलंच. एका वर्षी ते इतकं चिघळलं की पेंग्विनवाल्यांनी जिन्यात वेगळी देवी मांडली. तेव्हापासून पूजा कृष्णातनं करायची, पाटावर काय ठेवायचं ते कृष्णातनं ठरवायचं. तो नसला तर पूजा होणार नाही, असं कंपनीच्या प्रमुख स्मिता मॅडमनीच सांगून टाकलेलं. पूजा, मग आवराआवर, मग दसऱ्याच्या गर्दीत गाडीला जागा नाही, आणि मग बसवंतला फोन: ‘‘औंदा जमत नाही रे.’’

या खेपेला त्यानं आधीच पक्कं केलं. शिवलीला आणि मुलं शाळेला सुट्टी लागताच पुढं निपाणीला गेली. कृष्णातनं अष्टमीच्या संध्याकाळच्या कोल्हापूरच्या गाडीत जागा धरली. मॅजेस्टिकहून साडेपाचला सुटणारी, पहाटे निपाणी. बॅग टेबलाखाली. पूजा दोनला, तीनला संपली पाहिजे, चारला बाहेर. मॅडमना सांगितलं, त्यांनी मान हलवली. वॉचमन नागराजलाही सांगून ठेवलं.

‘‘अण्णा, तीन म्हणजे यांचे पाच,’’ नागराज म्हणाला. तो चित्रदुर्गकडचा, मराठी ऐकून ऐकून शिकलेला. ‘‘स्वल्प जास्तच भांडतात हे लोक या वर्षी.’’

कारण तसंच होतं. दसऱ्यानंतर सगळी जुनी मशिनं काढून नवी घ्यायची, आणि सगळी एकाच तऱ्हेची घ्यायची, असं मॅडमनी बैठकीत बोलून टाकलं होतं. कोणती, ते ठरलेलं नव्हतं. त्यावर नागराज खालच्या हॉटेलात कुणापाशी तरी गंमतीत म्हणाला, ‘‘यंदा पाटावर जे बसेल तेच सगळ्यांना येणार बघा.’’ संध्याकाळपर्यंत ही गंमत वर ऑफिसात पक्की बातमी होऊन पोचली.

अष्टमीला सकाळी कृष्णात एकेक मशीन पुसत होता, तर पहिली आसावरी आली.

‘‘अहो दादा, मी काय म्हणते, इथं जास्त मशिनं कुणाची? आमची. मग पाटावर कुणाचं हवं? साधा हिशेब आहे.’’

‘‘बघू की.’’

ती गेली तसा मकरंद. ‘‘दादा, देवीच्या फोटोशेजारी काय शोभेल तेवढंच बघा. बाकी माझं काही म्हणणं नाही. फक्त गंध अगदी हलक्या हातानं लावा. म्हणजे लावूच नका, दाखवा नुसतं.’’

मग निहार. त्यानं खुर्चीच ओढली. ‘‘दादा, तुम्ही मनातून आमचेच आहे, मला माहीत आहे न. सर्व्हर कशावर चालून राहिला? आपल्याच पेंग्विनवर. मग चोवीस तास राबते तो मागच्या खोलीत, आणि पाटावर बसून राहिले हे? हा न्याय आहे का?’’

‘‘बघू,’’ कृष्णात म्हणाला. त्याचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं होतं. बसवंतचा फोन येऊन गेला होता. त्यानं काही विचारलं नव्हतं. फक्त म्हणाला, ‘‘झेंडू आणलाय. अण्णांचा जुना पंप घासून ठेवलाय, पितळ कसलं चमकायलंय बघ.’’

दोन वाजता पाट मांडला. रांगोळी, समई, देवीचा फोटो, तांब्या, केळी, नारळ. आणि कृष्णात उदबत्ती लावायला वळला तेवढ्यात तिघांनी तीन बाजूंनी येऊन आपापला लॅपटॉप पाटावर ठेवला. पाट साधा जेवायला बसायचा. त्याच्यावर तीन मावतात कुठं? निहारचं अर्धं बाहेर, मकरंदचं त्याच्या कोपऱ्यावर चढलेलं.

‘‘तुझं उचल, ओरखडा पडेल!’’

‘‘ओरखड्यानं मरते का तुझं? नाजूक आहे बापा!’’

‘‘माझं आधी होतं. मी आधी ठेवलं. विचारा कुणालाही.’’

‘‘आधी ठेवलं, पण चालू व्हायला वेळ लागतो ना तुमचं, म्हणून दिसलं नाही.’’

मग मत घ्यायचं ठरलं. मत घेतलं तर आसावरीकडं जास्त हात, म्हणून निहार म्हणाला हात धरायचे नाहीत, गुण धरायचे. कोणते गुण, यावर नवीन भांडण. कुणीतरी म्हणालं चिठ्ठ्या टाका. चिठ्ठ्या टाकल्या, मकरंदची निघाली, तर चिठ्ठी कडक कागदाची होती म्हणून बाद. मॅडम आतल्या खोलीत कारखान्याच्या चेअरमनशी फोनवर. काचेतून एकदा बघितलं, हात हलवला, परत फोन. तीन वाजले. साडेतीन झाले. चुरमुऱ्यांची पोती उघडून लोक मूठ मूठ खायला लागले. समईतलं तेल कमी झालं, परत घातलं.

कृष्णात पाटापुढं मांडी घालून बसला होता. त्याचे डोळे उघडे होते, पण तो तिथं नव्हता. निपाणीत बसवंत या वेळी दुकान झाडत असणार, पोरं स्टँडला माळा बांधत असणार. चार वाजत आले तेव्हा तो बोलला, अगदी हळू.

‘‘तिन्ही ठेवा.’’

‘‘मावत नाहीत, दादा.’’

‘‘उभी ठेवा. अर्धी उघडून, एकमेकांना टेकवून. चुलीच्या तीन दगडांसारखी.’’

असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तिघांनी एकमेकांकडं बघितलं. कुणाचंच वर नाही, कुणाचंच खाली नाही. पुढं कुणाचं, हा प्रश्न मकरंदच्या ओठावर आला होता, पण कृष्णातचा चेहरा बघून त्यानं गिळला. तीन मशिनं पाटावर राहुटीसारखी उभी राहिली, माळ घातली, सगळे गोळा झाले. एकदाची पूजा सुरू झाली.

दरवर्षी कृष्णात झेंडूचं फूल तांब्यात बुडवून लांबूनच शिंतोडा उडवायचा. मशिनाला पाणी चालत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? पण हात मनाच्या मागं जातात. आणि मन होतं सायकलच्या दुकानात. तिथली रीत वेगळी. दामूअण्णा खंडेनवमीला आधी सायकलीला आंघोळ घालायचे. तांब्या घ्यायचा, हँडलवर धरायचा आणि दांडीवरून, सीटवरून, मागच्या चाकापर्यंत एक धार सोडायची. मग कोरडं पुसून कुंकू. लहानपणी तांब्या भरून द्यायचं काम कृष्णातचं, आणि हात पुरायला लागल्यावर धार सोडायचंही.

तर कृष्णातनं तांब्या उचलला, तोंडानं देवीचं नाव घेतलं आणि तिन्ही मशिनांवरून गोल फिरवत छान धार सोडली.

क्षणभर कुणाला काही कळेना. बटणांमधून पाणी आत जाताना एक बारीक आवाज होतो, तेवढाच ऐकू आला. मग आसावरी किंचाळली.

कृष्णातनं रिकाम्या तांब्याकडं बघितलं, मग पाटाकडं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातून मशीन बिघडलं होतं, आणि एकदम तीन. त्यानं झडप घातली, बॅटऱ्या काढल्या, ज्यांच्या निघत नाहीत ती बंद केली, गळ्यातल्या पंच्यानं टिपली, उलटी केली. टेबलावर जुने कागद पसरून तिन्ही पालथी घातली.

कामाची नक्कल प्रत्येकाची दुसरीकडं सुरक्षित होती, ते एक बरं. नाहीतर रडारड झाली असती. पण हळूहळू धक्का ओसरला आणि मकरंद म्हणाला, ‘‘माझं काही होणार नाही बहुतेक. बांधणी घट्ट असते आमची.’’

‘‘घट्ट?’’ आसावरी म्हणाली. ‘‘पाणी आत गेलं की बाहेर यायला वाट नाही त्यात. आमच्यात मोकळी जागा आहे, वाळेल चटकन.’’

‘‘मशीन कोणतंही असो बे, आतला कारभारी मजबूत पाहिजे. माझा परत उठते की नाही, पाहा.’’

‘‘लाव पैज!’’

‘‘लाव!’’

सव्वाचार झाले होते. कृष्णात पालथ्या मशिनांपुढं उभा होता, गळ्यात ओला पंचा, त्यावर कुंकू. त्याला अपराधी वाटत होतं. माफी मागावी म्हणून तो तोंड उघडणार होता. पण तिघं त्याच्याकडं बघतच नव्हते. मशीन कुणी भिजवलं याचं कुणाला काही नव्हतं. कुणाचं आधी उठेल, एवढंच. कृष्णातच्या अंगातून काहीतरी निघून गेलं. राग नव्हता तो. दिवसभर ओझं वाहून ते खाली ठेवलं की हात हलके होतात आणि दुखायलाही लागतात, तसं काहीतरी झालं.

मॅडम फोन संपवून बाहेर आल्या. ‘‘हे काय झालं?’’

‘‘मी पाणी ओतलं, मॅडम. चूक माझी. तीन दिवस कुणी चालू करायची नाहीत. उघडून वाळवावी लागतील, ते मी आल्यावर करतो.’’ त्यानं टेबलाखालून बॅग काढली. ‘‘आता मी जातो.’’

‘‘असं टाकून?’’

‘‘व्हय,’’ कृष्णात म्हणाला. ऑफिसात तो कधी ‘व्हय’ म्हणत नसे.

मॅडमनी त्याच्या तोंडाकडं बघितलं, मग टेबलाभोवती पैजा लावणाऱ्यांकडं. ‘‘जा,’’ म्हणाल्या. ‘‘लवकर जा.’’

‘‘दादा, एक मिनिट! कुणाचं टिकेल, जाता जाता सांगा ना!’’ मकरंद जिन्यापर्यंत आला.

कृष्णात पायऱ्या उतरत होता. ‘‘तीन दिवस हात लावू नका,’’ एवढंच परत म्हणाला.

खाली नागराज स्कूटर चालू करून बसलेला. ‘‘अण्णा, बेगा बेगा! सांगितलं होतं ना, तीनचे पाच?’’ आतल्या गल्ल्यांतून, माळा घातलेल्या रिक्षांमधून, फुटलेल्या कोहळ्यांवरून घसरत त्यानं कृष्णातला मेट्रोपर्यंत नेलं. मेट्रोत पाय ठेवायला जागा नव्हती. मॅजेस्टिकला बाहेर पडून कृष्णात पळाला. या वयात, बॅग पाठीवर घेऊन, फुलवाल्यांच्या टोपल्या चुकवत. गाडीचा क्लीनर दार ओढून घेत होता. त्यानं दाराची दांडी धरली.

बसल्यावर त्यानं बसवंतला फोन केला. ‘‘गाडीत बसलो.’’

पलीकडं बसवंत कुणाला तरी ओरडून म्हणाला, ‘‘ए, आलं रं आलं! नारळ मोठा बघून आणा!’’

नवमीला सकाळी दुकानाच्या दारात सगळं मांडलं होतं. पान्हे ओळीनं, पंप, पंक्चरची कढई, दोन्ही स्टँड. बसवंत एका हातानं गुडघा धरून दुसऱ्यानं कुंकू कालवत होता. कृष्णात त्याच्याशेजारी उकिडवा बसला.

मग बाकड्यावर मास्तर आले. पार वाकलेले, नातवाच्या हाताला धरून, पण नातवाला हिरवी सायकल ढकलत आणायला लावलेली. मागोमाग दिवाणजी, काळी घेऊन. सायकल कुणीच चालवत नव्हतं आता, पण पूजेला आणलीच. बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

‘‘बसवंता,’’ मास्तर म्हणाले, ‘‘शेवटची पूजा आहे, आता तरी सांग. दामूअण्णाला आमचीच आवडायची का नाही?’’

‘‘हां, सांग की,’’ दिवाणजी म्हणाले. ‘‘आमची काळीच. मला डोळ्यानं खुणावायचा तो.’’

बसवंतनं कृष्णातकडं बघितलं. ‘‘तुला आठवतंय का रं, अण्णा कधी सायकलीवर बसलेलं?’’

कृष्णात आठवायला लागला. दुकान ते घर, घर ते दुकान. बाजाराला. देवाला. दवाखान्याला. वडील आठवत होते ते सगळीकडं चालत. हात मागं बांधलेले, पायात वहाणा. ‘‘नाही,’’ तो म्हणाला. ‘‘चालतच जायचे की.’’

‘‘मी एकदा विचारलं. दारात एवढ्या सायकली, एक घेऊन जावा की घरी. तर अण्णा म्हणालं, दिवसभर हेंच्याच गळ्यात पडलेला असतो, आणखी घरी जातानाबी तेच? डोकं उठतंय माझं.’’

मास्तर आणि दिवाणजी दोघंही आ वासून बघत राहिले. कृष्णात हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांना पाणी आलं आणि ते त्यानं गळ्यातल्या पंच्यालाच पुसलं. त्या पंच्याला अजून कुंकवाचा डाग होता.

खिशातला फोन थरथरला. मकरंदचा निरोप: ‘दादा, निहारनं आधी चालू केलं म्हणून मी केलं. आता दोन्ही बंद. सॉरी.’ लगेच निहारचा: ‘तो खोटं सांगून राहिला, आधी आसावरीनं केलं.’ आणि मग आसावरीचा, लांबलचक. कृष्णातनं तो उघडला नाही. फोन वाजायला लागला, त्यानं तो गल्ल्यावर पालथा ठेवला.

‘‘आधी कुंकू कुणाला?’’ मास्तरांनी विचारलं.

‘‘आधी आंघोळ,’’ कृष्णात म्हणाला.

शिवलीलानं तांब्या भरून दिला. दोन्ही सायकली जवळजवळ लावल्या होत्या, हिरवीचं हँडल काळीच्या दांडीला लागेल एवढ्या. कृष्णातनं तांब्या हिरवीच्या हँडलवर धरला आणि धार सोडली. दांडीवरून, सीटवरून, तिथून काळीच्या मडगार्डवर, चाकावर, खाली फरशीवर. तांब्या संपला तर त्यानं मागं न बघता हात केला, शिवलीलानं दुसरा दिला, आणि तोही त्यानं सावकाश, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत ओतला. बसवंतनं नारळ त्याच्यापुढं धरला. गल्ल्यावरचा फोन वाजत वाजत गप्प झाला.